टायर आपल्या लेनमध्ये, डोकं समोरच्याच्या!

रविवारी सकाळी सहाला ओझरहून बाइक काढायची. एचएएलचा विमान कारखाना मागे टाकायचा, द्राक्षबागा बघत पिंपळगाव बसवंतला हायवे सोडायचा आणि वणीमार्गे नांदुरी गाठायची. रस्ता बऱ्यापैकी सरळ, आणि गंमत इथेच आहे! हात वेगाला सरावतात, तोच सप्तशृंगी गडाचा घाट सुरू होतो.

माझंही तेच झालं. उजव्या वळणावर मस्त झुकलो. टायर मधल्या पट्ट्याच्या अलीकडे, म्हणून साहेब खूश! तेवढ्यात वरून उतरणारी बस हेल्मेटपासून हातभरावरून गेली. चूक माझीच. टायर आपल्या लेनमध्ये होता, पण झुकलेलं डोकं पलीकडे गेलं होतं.

तेव्हापासून आंधळ्या उजव्या वळणात मी लेनच्या डाव्या बाजूने शिरतो. पलीकडचं लवकर दिसतं आणि झुकायला जागाही उरते. डाव्या वळणावर धोका उलटा. वेग जास्त झाला, की बाइक थेट समोरच्याच्या लेनमध्ये फेकली जाते. म्हणून ब्रेक आणि गिअर वळणाआधीच, आणि नजर वळण संपतं तिकडे. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग. उतरताना क्लच दाबून गाडी सोडायची नाही, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

जानेवारी २००८ मध्ये याच गडाच्या घाटात बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक भाविक गेले. तेव्हा मंडळी, घाट जरा सावकाशच चढा. किती मिनिटांत आलात, हे वर कुणीही विचारत नाही!