मजल्याचा कावळा

पिंजऱ्यातला पोपट ही गिरगावकरांची चैन. लालबाग-परळच्या चाळींत पक्षी विकत आणायला पैसे नव्हते आणि तशी गरजही नव्हती. मिरगाच्या आधीचा वारा सुटला की पिंपळावरून, गिरणीच्या पत्र्यावरून, कौलांच्या फटींतून पिल्लं आपसूक पडायची. चिमणीचं, साळुंकीचं, क्वचित घारीचं आणि सगळ्यात जास्त कावळ्याचं. ज्यांचं बालपण भोंग्याच्या वेळेवर गेलं, त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, मजल्यावर एक तरी पाखरू वाढलेलं असतं. मजल्यावर म्हणायचं, घरात नाही. दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच पाठ टेकायला जागा नसे. पाखरू गॅलरीत राहायचं आणि गॅलरी सगळ्यांची.

आमच्या कावळ्याचं नाव आजोबांनी काकभुशुंडी ठेवलं. त्याचा भुशा व्हायला आठवडाही लागला नाही. उचलला तेव्हा अंगावर पिसांच्या नुसत्या नळ्या होत्या आणि लाल घसा दाखवत ओरडणं एवढंच त्याला येत होतं. ‘माणसाचा हात लागला, आता कावळे त्याला घ्यायचे नाहीत,’ असा निकाल थोरल्या बायकांनी दिला. ही समजूत साफ खोटी. हाताचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. भुशाचे आईबाप तर पुढे कित्येक दिवस कठड्यावर बसून आम्हाला शिव्या घालत होते. ज्याने पिल्लू उचललं, तो पोरगा नळावर जाताना डोक्यावर पातेलं पालथं घालून जायचा. कावळा तोंडं विसरत नाही.

शेजारच्या चाळीने असाच एक कावळा मोठ्या कौतुकाने वाढवला. पुढे त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले आणि ती कोकिळा निघाली. खुद्द कावळीण जिथे फसते, तिथे चाळीचं काय!

भुशा सुकटीच्या डोक्यांवर आणि भातावर पोसला गेला. पंख आले तशी त्याच्यात अक्कल आली आणि अकलेमागोमाग व्रात्यपणा. दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे एकेक करून काढायचे आणि खाली पडलेल्या धोतराकडे मान वाकडी करून बघायचं, हा सकाळचा उद्योग. रात्रपाळी करून गॅलरीत झोपलेल्या काकांचा अंगठा ओढायचा. दाढी करणाऱ्याचा साबण पळवायचा, खायला नाही, नुसता पळवायला. कुरडयांच्या वाळवणावर राखणीला बसवलेल्या आजी डुलक्या घेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोळीचा तुकडा चोरला की तो कौलाखाली दडवून वर कागदाचा कपटा ठेवायचा. चमचा हरवला, भुशाने नेला. आठ आणे हरवले, भुशाने नेले. मजल्यावरची बरीच भांडणं त्या काळात त्याच्या नावावर मिटली.

साहेबांनाही हा नाद होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावरचा धनेश पुष्कळांनी पाहिला असेल. तो काल्पनिक नाही. 1894 साली कारवारहून जेमतेम तीन महिन्यांचं एक धनेशाचं पिल्लू मुंबईला सोसायटीकडे आलं. त्याचं नाव विल्यम. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सव्वाचार फूट वाढलेला हा गडी केळी आणि रानउंबरं खायचा, जिवंत उंदीर आणि विंचूही आवडीने गिळायचा आणि तीस फुटांवरून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत झेलायचा. 1920 पर्यंत तो तिथे होता. 1908 साली खेतवाडीतला एक शाळकरी मुलगा, पिवळ्या गळ्याची मेलेली चिमणी कोणती ते विचारायला याच सोसायटीत गेला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. विल्यमला बोधचिन्हाचा मान मिळाला, आमच्या भुशाच्या वाट्याला शिव्या आल्या. पण चेंडू झेलण्यापेक्षा चिमटे काढण्यात बुद्धी जास्त लागते, असं माझं मत आहे.

भुशाचा खरा थाट भाद्रपदात. पितृपक्षात एरवी लोक गच्चीवर पान ठेवून ‘काव काव’ करत ताटकळत. आमच्याकडे नैवेद्याचं पान वाढायच्या आत भुशा वड्यावर हजर. तिसऱ्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, सगळे त्याला बोलवायला येऊ लागले. मग वाद पेटला: पाळलेल्या कावळ्याने शिवलेलं पितरांना पोचतं का? भटजींनी हसून अंग काढून घेतलं. आजी मात्र ठाम होत्या. ‘आमचे हे तसेच होते, पान मांडायचा धीर नसायचा.’ त्यावर कोण बोलणार?

दिवाळीनंतर तो संध्याकाळी इतर कावळ्यांबरोबर राणीच्या बागेच्या बाजूला जाऊ लागला. सकाळी यायचा, मग अधूनमधून, मग येईनासा झाला. तो गेल्यावरही चमचे हरवतच राहिले, तेव्हा मजल्यावर काही दिवस कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

आज त्या जागी टॉवर आहेत आणि सामायिक गॅलरी नाही. बंद फ्लॅटमध्ये एकट्या घराने रानपाखरू कोंडणं मला पटत नाही. शिवाय पोपट-साळुंकी पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. पण पिल्लं अजून पडतात. अंगावर पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल तर त्याला उचलून घरी नेऊ नका. ते उडायला शिकत असतं, आईबाप जवळपासच असतात. मांजराच्या तोंडून वाचवायला जवळच्या फांदीवर ठेवलंत तरी पुरे. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. दूध पाजू नका, चोचीत पाणी ओतू नका. वनखात्याला 1926 वर फोन करा, नाहीतर टॅक्सी करून सरळ परळला बैलघोडा हॉस्पिटलात न्या. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं ते हॉस्पिटल 1883 पासून आहे. नाव बैलघोड्यांचं असलं तरी तिथे पाखरांवरही उपचार होतात.