रेणूंचे जाळे आणि कार्ल्याचे खांब

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एका पालक-भगिनीने मला सर्वांसमोर एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिली, पुढे विज्ञान शाखेकडे वळली आणि आता पुण्यातच जैवमाहितीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. "सर, ती डॉक्टर होणार नाही, इंजिनिअरही होणार नाही, मग दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे बसून ती करते तरी काय?" सभागृहात हशा झाला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या घरातील पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच मुलगी, आणि ती सातवीत असताना तिचे वडील क्षयरोगाने गेलेले. मुलीने निवडलेली वाट कुठे जाते, हे जाणून घेण्याचा आईचा हक्कच होता.

मी इतिहासाचा शिक्षक. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडेच विद्यार्थी होऊन बसलो. जे उमगले ते ताईंना आणि त्यांच्यासारख्या इतर पालकांना सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत हजारो प्रकारचे रेणू असतात. त्यांतील प्रथिने बहुतेक कामे करतात, पण एकटी नव्हेत. एक प्रथिन दुसऱ्याला जोडले जाते, त्याला कामाला लावते किंवा थांबवते, दुसरे तिसऱ्याला. जुने जीवशास्त्र एकेक प्रथिन वेगळे काढून तपासत असे आणि त्या कष्टाशिवाय पुढचे काहीच शक्य झाले नसते. परंतु सुटे भाग मोजून व्यवहार कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रथिनासाठी एक ठिपका आणि दोन प्रथिनांच्या संबंधासाठी एक रेघ, असे जाळे काढतात. ठिपके हजारो झाले की कागद आणि माणसाचे डोळे दोन्ही थकतात, आणि तेथून संगणकाचे काम सुरू होते. कोणत्या ठिपक्याला किती रेघा आहेत, कोणता ठिपका पुसला तर जाळे फाटते, एका टोकाकडून दुसरीकडे जाण्यास पर्यायी वाट आहे की नाही, हे तो मोजून सांगतो.

हे ऐकताना मला कार्ल्याचे चैत्यगृह आठवले. आपली मुले दरवर्षी सहलीला तेथे जातात. तेथील खांबांवर आणि भिंतींवर दात्यांची नावे व गावे कोरलेली आहेत. धेनुकाकटाचा गंधिक सिंहदत्त, धेनुकाकटाचाच सुतार सामी, तेथूनच आलेले अनेक यवन. शिवाय सोपारकाहून आलेला भिक्खू, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. गावासाठी एक ठिपका, दात्यासाठी एक आणि मध्ये रेघ काढा. फळ्यावर जाळे तयार होते. त्यात धेनुकाकटाभोवती रेघांचा गुंता होतो, आणि शेलारवाडीच्या लेण्यातही तेच नाव पुन्हा भेटते. हे गाव नेमके कोठे होते यावर विद्वानांचे एकमत नाही. तरीही त्या काळच्या व्यापारात आणि धम्मदानात त्याचे मोठे स्थान होते, एवढे जाळ्यावरून दिसते.

या गावाचा शोध घेत मावळात पायपीट करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्या वाचकांना इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत, आणि पाली पंडित धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव म्हणूनही. मूळचे ते गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना १९४४ साली त्यांनी जनुकशास्त्रातील एक सूत्र प्रसिद्ध केले. दोन जनुके पिढ्यान्‌पिढ्या किती वेळा एकत्र उतरतात हे मोजून त्यांच्यातील अंतर कसे काढावे, याचे ते सूत्र. ते आजही कोसंबींच्या नावाने वापरले जाते. रेणूंच्या जाळ्याचे शास्त्र ते नव्हे, त्याचा काळ पुढचा. पण आकड्यांतून नाते ओळखण्याची दृष्टी तीच आहे. आपल्या मुलीने मला सॉफ्टवेअरच्या यादीत 'कोसंबी' हा पर्याय दाखवला, तेव्हा माझाच ऊर भरून आला.

(हे सारे प्रतीत्यसमुत्पादात आधीच सांगितले आहे, असे आपल्यातील काही जण उत्साहाने म्हणतात. मला ते रुचत नाही. भगवंतांनी दुःखाचे कारण शोधले, यीस्टची प्रथिने मोजली नाहीत.)

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी बुरशी. २००१ साली तिच्या १८७० प्रथिनांच्या जाळ्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच किंवा कमी रेघा असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २१ टक्केच अशी होती की ती काढताच पेशी मरे. पंधराहून अधिक रेघा असलेली प्रथिने मूठभर, पण त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ६२ टक्के. म्हणजे जाळ्यातील स्थानावरून महत्त्व बरेचसे ओळखता येते. औषध शोधणाऱ्यांना याचा मोह पडणार हे उघड आहे. जंतूच्या जाळ्यातील मोक्याची गाठ शोधावी, ती माणसाच्या शरीरातील प्रथिनांसारखी नाही याची खात्री करावी आणि तेथेच घाव घालावा. क्षयाच्या जिवाणूची सुमारे ४४ लाख अक्षरांची जनुकसंहिता १९९८ साली वाचली गेली. तीत सुमारे चार हजार जनुके आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००८ साली याच पद्धतीने त्या जिवाणूतील संभाव्य लक्ष्यांची यादी काढली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत, तेव्हा हे काम आपल्या दाराशी आलेले आहे.

पण इतिहासाच्या शिक्षकाला येथे शंका येते. धेनुकाकटाला एवढ्या रेघा का? ते गाव खरोखर मोठे म्हणून, की कार्ल्याचे लेख टिकले आणि इतर ठिकाणचे झिजून गेले म्हणून? मी हे विचारताच ती मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडेही हेच आहे." कर्करोगाशी संबंधित पी-५३ या प्रथिनावर हजारो शोधनिबंध आहेत, म्हणून त्याच्या रेघाही पुष्कळ. ज्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही, ते प्रथिन जाळ्याच्या कडेला एकटे दिसते. रेघ नाही याचा अर्थ संबंध नाही असा नव्हे; कोणी तपासले नाही, एवढाच असू शकतो. पेशव्यांच्या दप्तरांत आपले पूर्वज महार-मांगांच्या वेठीपुरते आणि दंडापुरते सापडतात. तेवढेच त्यांचे जगणे होते असे मानणारा इतिहास आपण नाकारतोच ना? हे तिला वर्गात मीच शिकवले होते. प्रथिनांच्या बाबतीत ते तिने मला शिकवले.

म्हणूनच या शास्त्रात नोंद करणाऱ्या माणसाला मोल आहे. पुण्यात २०१९ साली 'मानव' नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी यांचा पैसा, तर आयसर आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या पुण्यातील दोन संस्थांचे शास्त्रीय काम. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी प्रसिद्ध शोधनिबंध वाचायचे, कोणता रेणू कोणावर काय परिणाम करतो ते वेचून नोंदवायचे आणि त्यांतून मानवी शरीराचा नकाशा घडवायचा, अशी त्याची कल्पना. त्याआधी २०१० साली क्षयाच्या जिवाणूतील जनुकांची माहिती गोळा करण्याच्या मुक्त उपक्रमात देशभरातील विद्यार्थी सहभागी झाले होते. 'अ हा ब ला थांबवतो' आणि 'अ असताना ब कमी आढळतो', या दोन वाक्यांतील फरक संगणक आपण होऊन जाणत नाही. त्यासाठी वाचणारा हवा. सारे शोधनिबंध इंग्रजीत. मराठी माध्यमातून गेलेल्या आपल्या मुलीला पहिला निबंध वाचायला चार दिवस लागले, असे तिनेच सांगितले.

हे सारे मी ताईंना घरी जाऊन समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग हिच्या पप्पांना या कॉम्प्युटरने वाचवले असते का, सर?"

नसते. त्यांचा क्षय साधा होता. त्याची औषधे कित्येक दशकांपासून आहेत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने त्याहून कमी. दुसऱ्या महिन्यात बरे वाटले, तशा त्यांनी गोळ्या सोडल्या. दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडत होती. तेथे तुटलेला दुवा रेणूंच्या कोणत्याही नकाशावर नाही. मी हे तसेच सांगितले. अर्धवट उपचारातून जे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, त्यांच्यासाठी नवी लक्ष्ये शोधावी लागतात. तिचे शास्त्र तेथे उपयोगी पडू शकेल, आणि तेही लगेच नव्हे. संगणकाच्या यादीतून गोळी हाती येईपर्यंत प्रयोगशाळेतील आणि रुग्णांवरील चाचण्यांची कित्येक वर्षे जातात.

मग पैशाचा प्रश्न निघाला, आणि तो निघायलाच हवा. नेटची परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी पुण्यातील बार्टीचीही अधिछात्रवृत्ती आहे. त्यानंतरच्या नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात, हेही मी लपवले नाही. ताईंनी हिशेब केला, धाकट्याची बारावी कधी ते बोटांवर मोजले, आणि म्हणाल्या, "दोन वर्षे काढू आम्ही. पण नेटचा फॉर्म कधी निघतो, ते तुम्हीच बघा, सर."