बी बाजू

१९९८ साली हाउस संगीतात जे काही चांगलं झालं, त्यातलं बरंचसं माझ्या वडिलांना तोंडपाठ आहे. बाबा लखनौतच एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले, कधी नाचले नाहीत, आणि क्लब म्हणजे त्यांच्या लेखी पत्त्यांचा अड्डा. तरीही स्टारडस्टच्या 'म्युझिक साउंड्स बेटर विथ यू'मध्ये मळभ सरून गिटार मोकळी कधी होते, हे त्यांना माझ्याआधी कळतं. याला कारण मी.

तेव्हा मी बारावीत होते. आम्ही अलीगंजात राहायचो. घरात केबल नुकतीच आलेली. रात्री टीव्हीच्या स्पीकरला टेपरेकॉर्डर चिकटवून मी गाणी उतरवून घ्यायचे. स्टारडस्टमधली गिटार मुळात चाका खानच्या १९८१च्या 'फेट' या गाण्यातली. तिचा इवलासा तुकडा तोमा बांगाल्तेर आणि अॅलन ब्रॅक्स यांनी गोल फिरवत ठेवला, वर बेंजामिन डायमंडचा आवाज घातला, आणि मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके. बस, एवढंच. शिकागोच्या ज्या वेअरहाउस क्लबावरून या संगीताला नाव पडलं, तिथे फ्रँकी नकल्सही जुन्या रेकॉर्डी अशाच लांबवत असे. डेव्हिड मोरालेसच्या 'नीडिन यू'मधला पियानोही उसनाच.

कॉर्नरशॉपचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' कर्मठ लोक हाउस मानणार नाहीत, पण आमच्या घरात ते वगळणं शक्य नव्हतं. नॉर्मन कुकने त्याचा वेग वाढवला आणि फेब्रुवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ती आशा म्हणजे आशा भोसले, आमच्या सांगलीकडच्या. लखनौवाल्यांना मात्र त्या 'उमराव जान'मुळे आपल्याच वाटतात. (अनुवादाच्या धंद्यात पडल्यावर मी या शीर्षकाशी बरीच झटले. 'काठोकाठ' म्हटलं की भांडं दिसतं. उर्दूतल्या 'लबरेज़'मध्ये लब आहे, म्हणजे काठही आणि ओठही. मराठीत तो ओठ काही येत नाही, आणि आशा या नावातली आशा इंग्रजीत आधीच सांडून गेलेली.)

एका रात्री कोरी कॅसेट संपली. बाबांच्या खणात नाव न लिहिलेली एक सापडली. तिच्या माथ्यावरच्या दोन्ही प्लास्टिकच्या कळ्या मोडलेल्या होत्या. त्या काळातल्या प्रत्येकाला याचा अर्थ ठाऊक होता: यावर पुन्हा काही भरू नका. आणि त्यावरचा इलाजही प्रत्येकाला ठाऊक होता. मी भोकावर सेलोटेप लावला. नाव नव्हतं म्हणून चूक झाली, असं मी पुढे अनेकांना सांगितलं. कळ्यांचं सांगितलं नाही.

बी बाजूवर सहा गाणी बसत होती. शेवटचं होतं आर्मंड व्हॅन हेल्डनचं 'यू डोन्ट नो मी'. ते अर्ध्यावर असताना लाइट गेली. लखनौच्या विजेचे आभार मी त्या एकाच बाबतीत मानते.

माघात आजीची तिथी होती. बाबांनी कॅसेट लावली. १९८७ साली तासगावजवळच्या घरी त्यांनी तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षांत ती गेली. आता तिच्या जागी गिटार आली. बाबांनी बंद केलं नाही. पानं मांडून आम्ही सगळे सहा गाणी ऐकत बसलो. शेवटी खट् असा आवाज झाला, आणि अर्ध्या शब्दातून आजी निघाली: '...हेराला'. मग खोकली, जात्याची घरघर, आणि टेप संपली. एकोणीस सेकंद.

"चिकटपट्टी तू लावलीस?" बाबांनी एवढंच विचारलं.

तेव्हापासून दर तिथीला ते बी बाजू पहिल्यापासून ऐकतात. टेप पुढे पळवली तर तुटेल, ही भीती. मागे मी ती संगणकावर उतरवून एकोणीस सेकंदांची वेगळी फाइल केली. त्यांनी एकदा ऐकली आणि परत दिली. "एकदम सुरू झालं की ती दचकून आल्यासारखी वाटते," म्हणाले.

त्या फाइलचे चार सेकंद मी एकदा गोल फिरवून पाहिले, स्टारडस्टच्या रीतीने. तिसऱ्या फेरीला खोकल्याचा ठेका झाला. मी ते पुसून टाकलं.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा आहेत. 'माहेराला'वर संपणाऱ्या ओव्या मी तिथे शोधत असते. त्या पुष्कळ आहेत. आजीची कोणती, हे बाबांनाही आठवत नाही. ओळींपेक्षा त्यांच्या लक्षात तिचा दम लागणं आहे, आणि त्याची नोंद कुठेच नसते.

यंदा टेप थोडी थरथरली, पण चालली. मोरालेसच्या पियानोला बाबांनी बोटाने ताल धरला. ते त्यांना आवडतं, असं मला वाटतं, विचारायची सोय नाही. व्हॅन हेल्डनच्या व्हायोलिनी सुरू झाल्या तसा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. आता लाइट जाणार होती.