बाजूचा उजेड

नाटकवाले मित्र मला नेहमी विचारतात, नृत्याला लाइट करणं सोपं ना, चेहरे दिसले नाहीत तरी चालतं? चेहऱ्यांचं खरं आहे, सोपं मात्र अजिबात नाही. नाटकात समोरून उजेड टाकला की निम्मं काम झालं. समकालीन नृत्यात तोच समोरचा उजेड शरीर सपाट करून टाकतो. बरगड्या, पाठीचा कणा, पोटरीचा ताण, सगळं एकाच रंगात बुडतं. म्हणून आम्ही विंगांत स्टँड उभे करतो आणि नडगीच्या, कमरेच्या, डोक्याच्या उंचीवर दिवे बांधतो. नडगीपाशी लावलेल्या दिव्याचं वरचं शटर आत ढकलून जमिनीवर सांडणारा उजेड नीट कापला, तर फरशी काळोखात जाते आणि नर्तकी अधांतरी हलताना दिसते. कापलं नाही, तर फक्त विंगेतला दिवा दिसतो.

हे कापण्याचं काम उकिडवं बसून करायचं असतं. आमचे एक लाइटवाले दादा त्यात पटाईत. एकदा फोकसिंग चालू असताना त्यांनी शटरवरचा हात न काढता नर्तकीला विचारलं, “ताई, हा पाय दर वेळी इथंच येणार ना?” ती थांबली. तो भाग तिनं तालमीत मोकळाच ठेवला होता, पाय रोज वेगळीकडे पडायचा. कोरिओग्राफर खालून म्हणाली, “नाही येणार.” दादा म्हणाले, “मग कधी उजेडात, कधी अंधारात. चालेल?” त्यावर तिथंच बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी उजेडाची ती कड तशीच ठेवायची ठरलं. पुढे प्रत्येक प्रयोगात त्या जागी प्रेक्षक किंचित पुढे सरकून बसायचे. पत्रकात दादांचं नाव नव्हतं. ‘प्रकाश साहाय्य’ म्हणून दिवे भाड्यानं देणाऱ्याचं होतं.

पत्रकावर माझा फारसा विश्वास नाही. पैसे देणाऱ्यांची बोधचिन्हं वर, ‘विशेष आभार’ तळाला, बारीक टायपात. नृत्य कोणी घडवलं याचा त्यावरून पत्ता लागत नाही. अनवाणी पायांना लागू नये म्हणून मागच्या नाटकाच्या सेटचे चुका-खिळे हातानं चाचपत स्टेजभर फिरणारा माणूस, काळ्या व्हायनिलच्या पट्ट्या सुरकुती न पडता अंथरून टेपनं जोडणारे दोघे, संध्याकाळी रिकामा असलेला वर्ग तालमीला देणाऱ्या शाळेच्या बाई, हे सगळे बहुधा त्या बारीक टायपातही नसतात.

कोरिओग्राफर चंद्रलेखा यांच्या कामाकडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा जातो. जन्म महाराष्ट्रातल्या वाड्याचा, काम उभं राहिलं चेन्नईत, एलियट्स बीचजवळच्या त्यांच्या घरात. त्या घराचं नाव ‘स्पेसेस’. 1985 च्या ‘अंगिका’त त्यांनी भरतनाट्यम आणि केरळची युद्धकला कळरिपयट्टू एका मंचावर आणलं, हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्याभोवतीचं माणसांचं वर्तुळ. दशरथ पटेल हे डिझायनर, सदानंद मेनन हे पत्रकार आणि समीक्षक. मेननच त्यांच्या रचनांची प्रकाशयोजना करत. म्हणजे दिवे करणारा माणूस प्रयोगाच्या आठवड्यात बोलावलेला पाहुणा नव्हता. वर्षानुवर्षं वाद घालणारा, वाचणारा, लिहिणारा सोबती होता. 2001 च्या ‘शरीर’मध्ये गुंदेचा बंधूंचं ध्रुपद होतं. आलापाच्या संथ गतीनं शरीर उलगडत असेल, तर दिवा कधी बदलला हे कळताच कामा नये. हे शेवटच्या दोन दिवसांत, कन्सोलवर बसून कुणालाही साधणार नाही. त्यासाठी तो आलाप अंगात मुरलेला लागतो.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. अमेरिकन कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅमकडे नृत्य आणि जॉन केजचं संगीत वेगवेगळं तयार व्हायचं; नर्तकांच्या कानी ते अनेकदा पहिल्या प्रयोगालाच पडायचं. त्यांची कंपनी 1964 साली जगाच्या दौऱ्यावर निघाली, भारतातही आली. लाइट आणि नेपथ्य चित्रकार रॉबर्ट राउशनबर्गकडे. ‘स्टोरी’ या रचनेसाठी तो गावोगावी, थिएटरच्या आसपास जे सापडेल त्यातून नवं नेपथ्य उभं करी. दौऱ्यातच त्याला व्हेनिसच्या बिएनालेत चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं. दौरा संपला आणि तो कंपनीतून बाहेर पडला. हे वेगवेगळं करणं म्हणजे एकमेकांशी संबंध नसणं, असं काही तरुण मंडळी समजतात. तसं नाही. केज आणि कनिंगहॅम आयुष्यभर एकत्र होते. इतकी ओळख असल्यावरच एकमेकांना न विचारता काम करता येतं.

आपल्याकडे घोडं अडतं ते इथंच. प्रयोगाला पैसे मिळतात. थिएटरचं भाडं, प्रवास, कपडे यांची बिलं दाखवता येतात, म्हणून देणाऱ्यालाही ते सोयीचं. तालमीचे महिने मात्र कुणाच्याच खात्यात बसत नाहीत. कोपऱ्यात बसून नुसतं बघणाऱ्या लाइटवाल्याला कुठल्या रकान्यात टाकणार? संगीतकार निदान धून पाठवतो. मी काय पाठवू, अंधार?

तरी मी जातो. दिवे नसतात, वही असते. शाळेच्या ट्यूबलाइटखाली कोण कुठून आत येतं, कुणाचा श्वास कुठे तुटतो, दोघी एकमेकींना झाकतात तेव्हा मागचीचा कोणता खांदा दिसतो, एवढंच टिपतो. कोरिओग्राफर विचारते, कसं वाटलं? तेव्हा “छान” म्हणायचं टाळतो. मधला भाग मला लांबला असं वाटलं तर सांगतो. कधी ती ऐकते, कधी माझ्यावर उखडते. आमच्यातला एक मोठा तुकडा अशाच भांडणातून अर्ध्यावर आला आणि उरलेल्या अर्ध्याला मला एकच क्यू लागला.

मागच्या कामात निर्मात्यानं अंदाजपत्रक बघून विचारलं, “तालमीला बसण्याचे वेगळे पैसे लावलेत?”

लावलेत म्हटलं. दोघांचे लावलेत, दादाही येणार आहेत.