कुंपणावरची काच

अमेरिकेच्या ग्रामीण भागात अनेक घरांच्या कुंपणांवर निळसर-हिरव्या काचेच्या जाडजूड घंटा ओळीने बसवलेल्या दिसतात. कुणी त्यांच्या आत दिवे बसवून त्या ओसरीत टांगतो, कुणी फुलांच्या वाफ्याची कड त्यांनी सजवतो. हे तारायंत्राच्या, टेलिफोनच्या आणि विजेच्या जुन्या खांबांवरचे इन्सुलेटर. आपल्याकडे रेल्वेमार्गालगतच्या खांबांवर चिनी मातीचे पांढरे कप असत, त्यांचेच हे काचेचे भाऊबंद.

सॅम्युअल मोर्सने १८४३ मध्ये वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार आधी जमिनीखाली, शिशाच्या नळीतून घालायला घेतली. तारेवरचे आवरण सदोष निघाले आणि केलेले काम वाया गेले. मग एझ्रा कॉर्नेलच्या देखरेखीखाली तार खांबांवर चढली आणि २४ मे १८४४ रोजी तिच्यावरून संदेश गेला. खांबावर मात्र नवा शत्रू भेटला : पाऊस. काच वीज वाहू देत नाही, पण तिच्यावरचा पाण्याचा ओघळ वाहू देतो. घंटेचा आकार त्यासाठीच. बाहेरून कितीही भिजली, तरी आतली बाजू कोरडी राहते.

सुरुवातीच्या घंटा आतून गुळगुळीत होत्या. त्या लाकडी खुंटीवर नुसत्या बसवलेल्या असत आणि वाऱ्याने, तारेच्या ओढीने निसटून येत. १८६५ मध्ये लुई कॉव्हेटने आत आटे पाडण्याचे पेटंट घेतले आणि घंटा खुंटीवर फिरवून घट्ट बसू लागली. म्हणूनच बिनआट्याचा नग हाती लागला, की जाणकार संग्राहक आधी श्वास रोखतो आणि मगच किंमत विचारतो.

नवखा येथेच फसतो. हेमिंग्रे कंपनीच्या कित्येक नगांवर ‘२ मे १८९३’ ही तारीख उठवलेली असते. तिला नगाचा जन्मदिवस समजणे चूक. ती पेटंटची तारीख आहे : खालच्या कडेवरचे बारीक टोकदार दाणे, ज्यांवरून पाणी थेंबाथेंबाने गळून पडते, त्यांच्या पेटंटची. ती मिरवणारे नग त्यानंतरही वर्षानुवर्षे साच्यातून निघत राहिले.

रंगाची गोष्ट याहून नाजूक. काचेतील लोहाचा हिरवट रंग घालवण्यासाठी मँगनीज मिसळत. अशी काच अनेक वर्षे उन्हात राहिली, की फिकट जांभळी होते. तो रंग म्हणजे खांबावर काढलेल्या उन्हाळ्यांची नोंदच. आज काही जण साध्या काचेवर किरणोत्सर्गाचा मारा करून गडद जांभळे नग विकतात. अंगणात ते सुंदर दिसतात, यात शंका नाही. पण ती नोंद खोटी असते.

सजावटीचा खरा तोटा मात्र याहून साधा आहे. आटे पाहायचे तर नग उलटा करावा लागतो. दिव्याची वायर ओवण्यासाठी त्याच्या माथ्याला भोक पाडले, तर ते आतल्या पोकळीत उतरते. आणि कुंपणाच्या खांबावर सिमेंटने बसवला, तर आटे आहेत की नाहीत हे कायमचे झाकले जाते.