फोन आला त्या दिवशीच लिहून ठेव

चि. छोटीस,



ताईनं फोनवर सांगितलं, तुला कुणीतरी फोन करून विचारलं, ‘‘मॅडम, खडवलीला राहता ना? शेवटच्या कसारा लोकलनं येता ना?’’ शिवी नाही, धमकी नाही. म्हणूनच मी घाबरले.

घरात सगळे म्हणताहेत, सोड हे बातम्या देणं. मी म्हणणार नाही. मुंबईच्या पेपरात खडवली येते ती पावसाळ्यात भातसा नदीत कुणी बुडालं तर. नदीतून रात्री वाळू कोण उपसतं, हे इथल्याच माणसानं लिहिलं तर छापून येतं. पण ज्याच्यावर लिहायचं, तोही इथलाच. त्याला तुझी लोकल ठाऊक, घर ठाऊक.

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचं हेच झालं. तिथल्या नियोजित रिफायनरीचा समर्थक पंढरीनाथ आंबेरकर याच्याबद्दलची त्यांची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ला ‘महानगरी टाइम्स’मध्ये आली. त्याच दिवशी पेट्रोल पंपाजवळ आंबेरकरच्या गाडीनं त्यांच्या दुचाकीला उडवलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात ते वारले. खुनाचं कलम लागलं ते पत्रकारांनी आवाज उठवल्यावर. मुंबईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांना २०११मध्ये पवईत गोळ्या घातल्या, तेव्हा देशभर मथळे झाले, तरी गुंड छोटा राजनला शिक्षा व्हायला २०१८ उजाडलं. तालुक्याच्या बातमीदारासाठी मथळे कोण करणार? आणि बदलापूर तर आपल्या शेजारचं. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराविरुद्धचं तिथलं आंदोलन टिपणाऱ्या महिला पत्रकाराशी एका माजी नगराध्यक्षानं किळसवाणी भाषा वापरल्याची तक्रार झाली. ती मुलगी गप्प बसली नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

आपल्या राज्यात २०१७चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. हल्ला अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. पण हा कायदा हिंसेसाठी आहे. नुसत्या फोनवर पोलिस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवतील. पाठवू देत, तारीख तर नोंदली जाईल. शिवाय पत्रकार कोण, हे कायद्यात माध्यम संस्थेतल्या नोकरीवर ठरतं. तुला बातमीमागे पैसे मिळतात. नेमणुकीचा कागद आहे का? नसेल तर संपादकांकडे माग, अगदी हट्टानं माग. बातमी तुझ्या नावानं छापतात, तर संकटात ‘ही आमची’ म्हणायची तयारीही हवी.

त्या फोनचा नंबर, वेळ, शब्द आजच लिहून मला आणि संपादकांना पाठव. कॉल यादीचा फोटो काढून ठेव. महिनाभर शेवटची गाडी नको. उशीर झाला तर कल्याणला माझ्याकडे उतर. नदीवर एकटी जाऊ नकोस, फोटोग्राफर नसेल तर गावातली दोन माणसं घे. रविवारी मी येते, आपण टिटवाळ्याला पोलिस ठाण्यात जाऊन अर्ज देऊ आणि पोच घेऊनच परतू. वाळूची पुढची बातमी अर्धी लिहून झाली आहे म्हणालीस, ती पूर्ण कर.

तुझी,
मावशी