जास्तीचे आठ हजार

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दिवसातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतंच. ‘सोडली असती गं नोकरी, पण ईएमआय आहे ना!’ बॉस खडूस आहे, पण ईएमआय आहे. बंगलोरची ऑफर मस्त होती, पण ईएमआय आहे. सहा महिन्यांचा ब्रेक घेऊन कथक पुन्हा सुरू करायचं होतं, पण... पुढचं तुम्हालाही पाठ आहे. या वाक्यानंतर कुणी काही बोलत नाही. चहा संपतो आणि सगळे आपापल्या डेस्कवर!

गृहकर्ज लवकर फेडतोय म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘व्याज किती वाचणार?’ व्याज वाचतं, भरपूर वाचतं. आकडे पुढे देतेच. पण आमच्या घरात त्यापेक्षा मोठी एक गोष्ट वाचली. ती कॅल्क्युलेटरवर दिसत नाही.

आधी आमचा हिशेब. २०२१ च्या जुलैत आम्ही वाकडला टू बीएचके घेतला. कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं, व्याज ६.९ टक्के, हप्ता ३०,७७२ रुपये. तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर होता आणि कर्जं स्वस्त होती. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी त्या वर्षभरात घरं घेतली. बँकांची फ्लोटिंग रेटची नवी गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराला, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली असतात. रेपो खाली तर आपण खाली, रेपो वर तर आपण वर. साधा फंडा!

मग रेपो वर गेला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ वरून थेट ६.५ टक्के. आमचा दर टप्प्याटप्प्याने ९.४ टक्क्यांवर पोचला. पण हप्ता? तो एका रुपयानेही वाढला नाही. वाटावं, किती समजूतदार बँक! प्रत्यक्षात हप्ता तोच ठेवून त्यांनी मुदत ताणली होती. एप्रिल २०२३ चं स्टेटमेंट आलं तेव्हा त्यात दोन आकडे होते. व्याज ३०,४०० रुपये. मुद्दल ३७२ रुपये.

तीनशे बहात्तर! त्या वीकएण्डला आम्ही मागवलेला पिझ्झा याहून महाग होता.

नवऱ्याने एक्सेल उघडलं. याच दराने आणि याच हप्त्याने कर्ज फिटायला अजून साधारण ४७ वर्षं लागणार होती. मी तेव्हा ३१ वर्षांची होते. म्हणजे शेवटचा हप्ता भरताना मी ७८ ची! तो म्हणाला, ‘अगं, आपण घर विकत घेतलेलंच नाही. बँकेकडून भाड्याने घेतलंय, आणि रंगसुद्धा आपणच लावायचा.’ हसलो दोघंही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी, म्हणून सोमवारी हाफ डे टाकून बँकेत गेलो. ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका, सगळ्यांचंच वाढलंय,’ असं समोरच्या तरुणाने प्रेमाने सांगितलं. सगळ्यांचं वाढलंय म्हणून माझं कमी कसं होणार, हे मला कळलं नाही. अर्ज लिहून दिला, की मुदत मूळचीच ठेवा, हप्ता वाढवा. नवा हप्ता आला ३७ हजारांच्या थोडा वर. (ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियमच केला, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यायलाच हवी. त्यामुळे तुम्ही हे हक्काने मागू शकता.)

इथवर आम्ही फक्त मूळ जागी परत आलो होतो. १८ वर्षं ४ महिने अजून बाकीच होते. मग आठ हजार रुपये आले.

कारऐवजी अ‍ॅक्टिव्हा

आठ हजार कुठून आले? तेव्हा आमचं सेकंड हॅण्ड कार घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तिचा हप्ता साधारण तेवढाच बसणार होता. कार घेतली नाही. दोघांची ऑफिसं हिंजवडीत, त्यामुळे एकाच अ‍ॅक्टिव्हावर डबलसीट! पावसाळ्यात वाकडच्या पुलाखाली रेनकोट घालून उभं राहताना या निर्णयाबद्दल आम्ही एकमेकांना काय काय बोललोय, ते इथे छापता येणार नाही.

पण आकडे बघा. ३७ हजारांच्या हप्त्यावर दर महिन्याला ८ हजार जादा, म्हणजे एकूण ४५ हजार. दर तोच ९.४ टक्के धरला तरी १८ वर्षं ४ महिन्यांचं कर्ज १२ वर्षांत संपतं. व्याज वाचतं साडेसोळा लाखांच्या आसपास. जादू वगैरे काही नाही. हप्त्यातून आधी व्याज वळतं होतं आणि उरेल ते मुद्दलात जातं. जास्तीचे आठ हजार मात्र थेट मुद्दलातच जातात, आणि जे मुद्दल गेलं त्यावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याजही त्याच्याबरोबर जातं.

म्हणूनच लवकर सुरुवात करण्याला एवढी किंमत आहे. समजा ४० लाखांचं कर्ज आहे, २० वर्षं, साडेआठ टक्के. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख जादा भरलेत, तर शेवटचे जवळजवळ १४ हप्ते गळतात. तेच एक लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरलेत, तर गळतात जेमतेम चार. लाख तेच, फक्त उशीर झाला!

दादा विरुद्ध बाबा

अशा वेळी घरातले सगळे अर्थतज्ज्ञ जागे होतात. माझा दादा म्हणाला, ‘वेडी आहेस का? ते आठ हजार एसआयपीत टाक. वीस वर्षांत बघ काय होतं!’ बाबा म्हणाले, ‘हे बघ बाळा, कर्ज म्हणजे पाहुणा. लवकर गेलेला बरा.’ बाबांनी त्यांच्या घराचं कर्ज रिटायर होताना मिळालेल्या पीएफमधून फेडलं होतं. त्यामुळे त्यांचं म्हणणं अनुभवातून आलेलं.

दादाचं अगदीच चूक नाही. लांब पल्ल्यात शेअर बाजार कर्जाच्या दराला मागे टाकू शकतो. ‘शकतो’, टाकेलच असं नाही. उलट ९.४ टक्क्यांचं कर्ज फेडलं की ९.४ टक्के वाचतात म्हणजे वाचतातच. त्यावर टॅक्स नाही आणि रोज अ‍ॅप उघडून बघायची गरजही नाही. आम्ही दोघांचंही थोडंथोडं ऐकलं. पाच हजारांची चालू एसआयपी तशीच ठेवली आणि नवे आठ हजार कर्जात.

टॅक्सचा मुद्दाही निघालाच. ‘गृहकर्ज ठेवा हो, टॅक्स वाचतो!’ आता २०२३-२४ पासून नवी कररचना डीफॉल्ट आहे, आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजावर वजावटच नाही. जुन्या रचनेत ती आहे, पण वर्षाला दोन लाखांपर्यंतच. आमचं व्याज तेव्हा वर्षाला साडेतीन लाखांच्या वर जात होतं. वरच्या दीड लाखावर कुणाचाही टॅक्स वाचत नव्हता.

ऑगस्ट २०२४

आता ती कॅल्क्युलेटरवर न दिसणारी गोष्ट.

ते आठ हजार आम्ही हप्त्यात मिळवले नव्हते. ‘मॅडम, हप्ताच ४५ करून टाकू का? सोपं पडेल,’ असं बँकेतल्या त्याच तरुणाने विचारलं होतं. नवरा नको म्हणाला. हप्ता म्हणजे सक्ती. जादा पैसे म्हणजे मर्जी. दर महिन्याच्या ५ तारखेला मी ते नेटबँकिंगवरून स्वतः भरते.

ऑगस्ट २०२४ मध्ये नवऱ्याच्या कंपनीने त्याची अख्खी टीमच बंद केली. गुरुवारी मीटिंग, शुक्रवारी लॅपटॉप परत. त्या आठवड्यात आम्ही एकच गोष्ट थांबवली, ते आठ हजार. बँकेला फोन नाही, अर्ज नाही, विनवण्या नाहीत. हप्ता ४५ हजारांचा असता तर एक चुकलेला हप्ता आणि क्रेडिट स्कोअरवर डाग, अशी पाळी आली असती. हप्ता होता ३७ चा. तो माझ्या पगारातून गेला. घरखर्चाला सहा महिन्यांची पुंजी होती. ती आम्ही पहिला जादा रुपया भरण्याच्या आधीच बाजूला काढली होती.

दुसऱ्याच महिन्यात त्याला एक ऑफर आली. तीस टक्के कमी पगार, कायमची नाइट शिफ्ट. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता तो ते वाक्य म्हणणार, अशी माझी खात्री होती. तो म्हणाला, ‘अजून दोन महिने बघूया?’ मी म्हटलं, ‘बघू.’ चौथ्या महिन्यात त्याला हवं तसं काम मिळालं. आधीच्याच पगारावर, पण दिवसाचं.

आम्ही काही श्रीमंत झालो नव्हतो. दीड वर्षात भरलेल्या जादा पैशांनी कर्ज फार हललंही नव्हतं. पण वर्षभराहून जास्त काळ आम्ही गरजेपेक्षा आठ हजार जास्त देऊन महिना काढायला शिकलो होतो. त्यामुळे तंगीच्या चार महिन्यांत आठ हजार आपोआप हातात आले. आणि ‘नाही’ म्हणायला माणसाला लाखो रुपये लागत नाहीत. दोन महिन्यांची उसंत पुरते.

करायचं असेल तर...

बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘पार्ट पेमेंट’ असा पर्याय बहुधा असतो. काही ठिकाणी किमान रकमेची अट असते, तर तेवढे साठवून दोन-तीन महिन्यांतून एकदा भरा. पैसे मुद्दलातच जमा झालेत ना, हे नक्की बघा. कधीकधी ते पुढच्या हप्त्याचा अ‍ॅडव्हान्स म्हणून धरले जातात आणि मग सगळी मेहनत वाया. बँक विचारेल, हप्ता कमी करू की मुदत? मुदत म्हणा. दंडाची भीती नको. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग रेटच्या गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व फेडीचा आकार घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितलंय. फिक्स्ड रेट असेल तर मात्र करारनामा वाचा.

आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर हे सगळं विसरा. महिन्याला तीन टक्क्यांच्या घरात व्याज घेणारं ते कर्ज आधी संपवा. घराचं नंतर.

आठ हजार जमत नसतील? वर्षातून एक हप्ता जादा भरा, बोनसमधून. वरच्याच ४० लाखांच्या उदाहरणात तेवढ्यानेही २० वर्षांची पावणेसतरा होतात.

कंटाळा येतो का? येतो! मैत्रिणींच्या बालीच्या फोटोंना लाइक करताना अंगठा जरा जड होतो. कार अजून नाही. २०२५ मध्ये रेपो चार वेळा मिळून सव्वा टक्क्याने उतरला. तेव्हा हप्ता कमी करून घ्यावा आणि फिरायला जावं, असा मोह दोघांनाही झाला. हप्ता तोच ठेवायला सांगितलं, आणि दोन दिवस अलिबागला जाऊन आलो.

जास्तीचे आठ हजार पुन्हा सुरू झालेत. दोन एप्रिलमध्ये बोनसमधले एकेक लाखही भरले. डिसेंबर २०२५ मध्ये मुद्दल साडेएकतीस लाखांच्या आसपास आलं होतं. त्या महिन्यात भरलेल्या ४५ हजारांपैकी जवळजवळ २३ हजार मुद्दलात गेले. कर्ज पूर्ण फिटलं की मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यावी लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये तिनेच कर्जदाराला द्यायचे, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तो दिवस अजून लांब आहे. पण मी चाळिशी-बेचाळिशीत असेन, अठ्ठ्याहत्तरची नाही.

तोवर एक काम करा. आज रात्री तुमचं लोन स्टेटमेंट उघडा आणि फक्त मुद्दलाचा कॉलम बघा. शेजारी नवरा किंवा बायको असेल तर त्यांनाही दाखवा. पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.